जुन्या दाढीच्या ब्रशाचा जीर्णोद्धार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी माझा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा पुष्कळजणी हसल्या. दाढीचा ब्रश आणि महिला मंडळ यांचा संबंध काय, असे वाटणे साहजिक आहे. पण घरातील पुरुषांच्या मागे राहिलेल्या वस्तू आवरायच्या कोणी? आपणच ना! मग त्यातले काय ठेवायचे, काय वापरायचे आणि काय टाकायचे, हेही आपल्याला कळले पाहिजे.

माळ्यावरची ट्रंक आवरताना मला दोन ब्रश सापडले. एक आजेसासऱ्यांचा, ते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले होते, तेव्हाच्या सामानातला. दुसरा मामंजींचा, त्याच्या खोक्यात १९५८ सालची पावतीही होती. माझ्या मुलाने थोरला ब्रश उचलला आणि म्हणाला, "आई, एवढा धुऊन दे, उद्यापासून मी पणजोबांच्याच ब्रशाने दाढी करणार!" मीही पाणी तापत ठेवले. पण केस फार जुने, म्हणून आधी थोडे वाचावे असे मनात आले, आणि वाचले ते बरे झाले.

त्या महायुद्धापूर्वी चांगले ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे करीत. युद्धामुळे तो माल मिळेना. तेव्हा चीन, जपान, रशियाकडून आलेले घोड्याचे केस रंगवून बॅजरचे म्हणून खपवले गेले. ते नीट निर्जंतुक केलेले नसत. त्यांतून काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संसर्ग झाला. दाढी करताना बारीकसा ओरखडा उठला तरी जंतूला वाट मिळे. इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना व नागरिकांना हा रोग झाला आणि काही दगावले. १९२० साली इंग्लंडने जपानी ब्रशांची आयातच बंद केली. पुढे नियम कडक झाले आणि हे रोगी दिसेनासे झाले. परंतु या जंतूचे बीजाणू अत्यंत चिवट. ते वर्षानुवर्षे टिकतात, आणि घरच्या उकळण्याने ते मेलेच अशी खात्री देता येत नाही. आजही धोका थोडाच आहे, असे २०१७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नियतकालिकात आले. पण त्या काळातले ब्रश घरी निर्जंतुक करण्याच्या फंदात पडू नये, असाही सल्ला तिथे होता.

तेव्हा पहिला नियम असा: ब्रश महायुद्धाच्या काळातला असेल, किंवा त्याचे वय ठाऊक नसून केस प्राण्याचे असतील, तर तो धुऊ नये, झटकू नये, केस कापू नयेत. झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून आठवण म्हणून ठेवावा. आजेसासऱ्यांचा ब्रश आम्ही तसाच ठेवला. मुलगा दोन दिवस रुसला होता.

मामंजींच्या ब्रशाला मात्र ती भीती नव्हती. केस चांगले असतील तर नुसते धुणे पुरते. बोअरच्या जड पाण्याने साबणाची पांढरी राप केसांच्या मुळाशी बसते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर घालून त्यात केसांची टोके पाच मिनिटे बुडवावी, मग स्वच्छ पाण्याने धुवावी. कढत पाणी नको. हे केस आपल्याच केसांसारखे, शिवाय आतला डिंक सुटतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. ओला ब्रश डब्यात कोंडू नये.

आमच्या ब्रशाचे केस मात्र झडले होते, म्हणून नवा झुबका बसवावा लागला. आधी मूठ कशाची ते ओळखावे. अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची. सेल्युलॉइड कापूर घालूनच करीत. ती चट्कन पेट घेते, तेव्हा शेगडीपासून दूर ठेवावी. कार्बोलिकसारखा वास आला तर बेकेलाइट. लाकडी किंवा हस्तिदंती मूठ पाण्यात भिजत घालू नये.

मग गच्चीत बसून, नाकातोंडाला फडके बांधून, केस ओले करून कात्रीने मुठीलगत कापावे. म्हणजे धूळ उडत नाही. उरलेला बुंधा गिरमिटाने मधोमध पोखरून हळूहळू काढावा. कडेला धक्का लागला तर मूठ तडकते. भोक स्वच्छ झाले की त्याची रुंदी मोजावी. बहुधा २० ते २४ मिलिमीटर भरते. त्या मापाचा तयार झुबका विकत मिळतो. मी कृत्रिम धाग्यांचा घेतला. तो लवकर वाळतो, आणि डुकराचे केस घरात नकोत म्हणणाऱ्यांचीही सोय होते.

डिंक लावण्याआधी झुबका कोरडाच बसवून पाहावा. फार खोल गेला तर तळाशी लाकडाची चकती घालावी. नंतर दोन नळ्यांचा इपॉक्सी डिंक समभाग कालवून भोकात थोडासाच लावावा. जास्त झाला तर केसांत चढून ते कडक होतात. चोवीस तास हात लावू नये. मूठ पितळेची असेल तर झुबका बसवण्यापूर्वीच चिंचेने घासून घ्यावी. लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. मात्र तेलाची चिंधी चुरगळून टाकू नये, पसरून वाळवावी, नाहीतर ती आपोआप पेटू शकते.

एवढे करायला मला दोन दुपारी लागल्या. रविवारी मुलाने त्या ब्रशाने फेस केला, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाबा असाच धरायचे."

भगिनींनो, जुने ते सारेच वापरात आणता येत नाही, आणि सारेच टाकायचेही नसते. ट्रंक उघडाल तेव्हा आधी वय विचारा, मगच पाणी तापवा.