दोन बाणांचं समीकरण
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "पाच मिनिटं बोल, पण तुझ्या कामाबद्दल बोल." माझं काम म्हणजे डिंक. तीस वर्षं मी प्लायवूडच्या कारखान्यांत डिंक शिजवला.

आपले शास्त्राचे सर काही समीकरणांत एका बाणाऐवजी दोन बाण काढत, एक इकडे, एक तिकडे. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं, "सर, मग गाडी नक्की जाते कुठं?" सर म्हणाले, "गाडीत काय किती भरलंस, त्यावर!" आपण हसलो. परीक्षेला ते आलं नाही, म्हणून विसरलोही.

प्लायवूडचा डिंक दोन वस्तूंचा होतो. एक युरिया, शेतात टाकतो तोच. १८२८ साली व्होलरने तो प्रयोगशाळेत बनवला, हा धडा आपल्याला होता. रसायनशास्त्राच्या भाषेत तो साधा अमाइड. दुसरी वस्तू फॉर्माल्डिहाइड, सगळ्यांत छोटा अल्डिहाइड. जीवशास्त्राच्या खोलीत बरणीतला साप आठवतो? तो ज्या पाण्यात होता ते फॉर्मालिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेला हाच वायू.

दोन्ही केटलमध्ये घालून, मिश्रण किंचित अल्कधर्मी ठेवून तापवलं की फॉर्माल्डिहाइड युरियाच्या नायट्रोजनला जाऊन चिकटतो. मग थोडं फॉर्मिक आम्ल घालायचं. मुंगी चावल्यावर आग होते ती याच आम्लाने. आता पाण्याचे रेणू सुटतात, दोन युरियांच्या मध्ये कार्बनचा पूल बांधला जातो, साखळी लांबते आणि पाक घट्ट होऊ लागतो. नेमक्या वेळी अल्कली घालून आम्ल मारायचं. एकदा मला उशीर झाला. अख्खी केटल दगडासारखी आळली आणि छिन्नी-हातोडीने फोडून काढावी लागली.

फॉर्माल्डिहाइडच्या जागी अ‍ॅसिटोनसारखा कीटोन घातला तर? काम असं होत नाही. फॉर्माल्डिहाइडच्या कार्बनशेजारी दोन चिमुकले हायड्रोजन असतात. अ‍ॅसिटोनमध्ये तिथे दोन मिथिल गट वाट अडवून बसतात आणि कार्बनची भूकही कमी करतात.

आता मुख्य गोष्ट. मी लागलो तेव्हा युरियाच्या एका रेणूला फॉर्माल्डिहाइडचे जवळजवळ दोन रेणू, असं प्रमाण असे. वजनात सांगायचं तर ६० किलो युरियाला ६० किलो फॉर्माल्डिहाइड. डिंक लवकर आळायचा, जोड पक्का बसायचा, मालक खूश. पण गरम प्रेस उघडली की वाफेबरोबर तो वायू यायचा आणि प्रेसवरच्या माणसांचे डोळे वाहायचे. आम्ही म्हणायचो, "होते सवय." मीही म्हणायचो.

मग घरी मुलीच्या खोलीत नवं कपाट केलं, आमच्याच प्लायचं. पावसाळ्यात खिडक्या बंद. आठवडाभरात मुलगी डोळे चोळायला लागली. कपाट उघडलं आणि तोच वास आला. त्या रात्री मला सरांचे दोन बाण आठवले. ओल आणि ऊब मिळाली की पाणी त्या साखळीत परत शिरतं, बंध तोडतं आणि फॉर्माल्डिहाइड सुटतो. जास्तीचा भरलेला असेल तर आणखीच सुटतो. गाडी उलटी चालली होती, माझ्या घरात.

दुसऱ्या दिवशी प्रेसवरच्या माणसाला हे सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, आमचं तर रोजचंच आहे." एवढंच म्हणाला. पुढे २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, तेव्हा मला तो माणूस आठवला.

मी प्रमाण उतरवायला लागलो. सोपं नव्हतं. डिंक सावकाश आळतो, प्रेसची वेळ वाढते, जोड कच्चा निघाला तर माल परत येतो. कित्येक महिने मालकांची बोलणी खाल्ली. शेवटी युरिया टप्प्याटप्प्याने घालून, अखेरीस थोडा जादा युरिया देऊन, उरलेला वायू बांधून घेऊन, प्रमाण एकास एकच्या जवळ आणलं. प्रेसवर पंखेही बसले.

तुम्ही घरी फर्निचर कराल तेव्हा एवढं करा. स्वयंपाकघरात, ओलीच्या भिंतीला एम.आर. प्लाय लावू नका. तिथे फिनॉलच्या डिंकाची बी.डब्ल्यू.आर. घ्या, तिचे बंध पाण्याला सहजी दाद देत नाहीत. प्लायच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. नवं कपाट काही दिवस उघडं ठेवा, खिडक्याही.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो. दुसरा बाण मला माहीत होता, तुम्हीच शिकवला होता. पण दुसऱ्यांचे डोळे वाहत होते तोवर मी तो वाचला नाही. त्या माणसांची माफी मी मागितली. आज तुमचीही मागतो.