खून झाल्यावर कोण बोलतो?

(परभणीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

राजाचा खून एका क्षणात होतो. पण तो पचवायला पिढ्यान् पिढ्या बोलत राहावं लागतं. तलवार पुसली की शब्द कामाला लागतात. आज मला त्या शब्दांबद्दल बोलायचंय.

मी गोदीत माल उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो. मी प्राध्यापक नाही, पण ओझं कुणाच्या पाठीवर आहे आणि त्यावरची चिठ्ठी कुणाच्या नावाची आहे, एवढं ओझं वाहणाऱ्याला बरोबर कळतं. इतिहासही मी तसाच वाचतो.

सीझरचा खून सगळ्या जगाला पाठ आहे. इसवी सन पूर्व ४४, १५ मार्च. मारणारे म्हणाले, आम्ही स्वातंत्र्य आणलं. पुढं ब्रूटसनं तर नाण्यावर दोन खंजीर छापले आणि मधे गुलामीतून सुटलेल्याची टोपी! मग अँटनी अंत्ययात्रेत बोलायला उभा राहिला. मृत्युपत्रात प्रत्येक नागरिकाला पैसे ठेवलेत हे लोकांना कळलं होतं. रक्तानं माखलेला झगा त्यांच्यासमोर धरला गेला. लोक पेटले आणि रस्त्यावर त्यांनी सिना नावाच्या एका कवीला ठार केलं. का? तर कटातल्या एकाचं नावही सिना होतं. भाषण करणारा सुखरूप घरी गेला. मेला कोण, तर कवी. आणि शेवटी गादीवर कोण बसला? ऑगस्टस. त्यानं स्वतःला राजा म्हणवून घेतलं नाही, पहिला नागरिक म्हणवून घेतलं. हे लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता आपल्याकडं या. सीझर आपल्याला माहीत असतो, बृहद्रथ माहीत नसतो. हा शेवटचा मौर्य राजा, अशोकाच्या वंशातला. अशोक जाऊन पन्नासेक वर्षं होत आली होती. इसवी सन पूर्व १८५ च्या सुमारास सैन्याची पाहणी करायला म्हणून राजाला बोलावलं आणि त्याच्याच सेनापतीनं, पुष्यमित्र शुंगानं, त्याला सैन्यासमोर ठार केलं. लपून नाही, विष घालून नाही. कवायतीच्या मैदानावर.

ही हकीकत बाणभट्टानं सातव्या शतकातल्या हर्षचरितात दिलीय. बाण स्वतः ब्राह्मण, तरी तो पुष्यमित्राला 'अनार्य' म्हणतो. पण मेलेल्या राजाला तो काय म्हणतो बघा : 'प्रतिज्ञादुर्बल'. म्हणजे दिलेला शब्द पाळायला कमी पडलेला. खुनी नीच, पण मेलेलाही कमजोरच होता! खून पचवायची ही पहिली रीत. वस्तीत पोरगा मारला गेला की दुसऱ्या दिवशी चावडीवर काय बोलतात? 'तोही काही कमी नव्हता.' तीच रीत, दोस्तांनो, शेकडो वर्षं जुनी.

दुसरी रीत पदवीची. पुष्यमित्र राज्य करू लागला, पण नावामागं 'सेनापती'च राहिलं. अयोध्येच्या शिलालेखात त्याच्या वंशातला धनदेव त्याला दोन अश्वमेध करणारा सेनापती म्हणतो. ऑगस्टस आठवला का? गोदीत नवा मुकादम नेमला की पहिल्या दिवशी टोळीला सांगतो, 'मी तुमच्यातलाच, हमालच.' हजेरीची वही मात्र त्याच्याच बगलेत. जो सत्ता घेतो आणि पदवी घेत नाही, त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा.

तिसरी रीत तमाशाची. अशोकानं पहिल्याच शिलालेखात यज्ञासाठी जीव मारायला बंदी घातली होती, आणि तीही प्राकृतात, लोकांच्या बोलीत. त्याच्या लेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्यालाही सापडलेत. सोपारा त्या काळी मोठं बंदर. पुष्यमित्रानं उत्तर काय दिलं? घोडा मारला. एकदा नाही, दोनदा. अश्वमेध हेच त्याचं भाषण होतं. त्याचा अर्थ एवढाच, की कुणाचं राज्य गेलं आणि कुणाचं आलं ते बघून घ्या.

चौथी रीत सगळ्यात जहाल. कायद्याची. बाबासाहेबांनी या खुनाला प्रतिक्रांती म्हटलं. त्यांचं हे अपुरं लिखाण महाराष्ट्र शासनानं १९८७ साली तिसऱ्या खंडात छापलं. मनुस्मृती पुष्यमित्राच्या राज्यक्रांतीनंतरची, असं त्यांचं म्हणणं. मनूच्या बाराव्या अध्यायात सेनापतीपद, राज्य आणि दंड देण्याचा अधिकार वेद जाणणाऱ्याला दिलाय. बृहद्रथाच्या पोटात तलवार एकदाच गेली. हा श्लोक पिढ्यान् पिढ्या आपल्या पोटात जात राहिला. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं गेलं.

पाचवी रीत कलेची, आणि ती थेट आपल्या मुलखातली. खुनानंतर मौर्यांच्या मंत्र्याला शुंगांनी कैदेत टाकलं. त्याचा मेहुणा यज्ञसेन विदर्भात राज्य करत होता. त्यानं निरोप धाडला, आमचा माणूस सोडा, मग तुमचा सोडतो. उत्तरादाखल फौज आली. विदर्भ हरला आणि वर्धा नदी मधे धरून त्याचे दोन तुकडे झाले. हे कुठं सांगितलंय? कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात. पुष्यमित्राचा पोरगा अग्निमित्र त्यात नायक आहे, आणि नाटक आहे त्याच्या प्रेमाचं! विदर्भाची राजकन्या त्याच्या महालात दासी म्हणून नाच शिकते. राजाच्या खुनाचा उच्चारसुद्धा नाही. खुन्याच्या पोराचं लफडं आपण अभिजात वाङ्मय म्हणून वाचायचं.

आता एक कडू गोष्ट. आपल्या व्यासपीठावर ठासून सांगतात की पुष्यमित्रानं भिक्खूच्या एकेका मुंडक्याला शंभर दिनार लावले. ही कथा बौद्ध ग्रंथातली आहे, दिव्यावदानातली. पण तोच ग्रंथ पुष्यमित्राला मौर्य वंशातला ठरवतो, आणि दिनार हे नाणंही नंतरच्या काळातलं. शिवाय शुंगांच्याच काळात सांचीचा स्तूप वाढला, भारहुतच्या तोरणावर शुंगांच्या राज्याचा उल्लेख आहे. उद्या समोरचा हे तोंडावर फेकेल, तेव्हा काय कराल? शिव्या द्याल? त्यापेक्षा पक्कं ते धरा. खून पक्का आहे. दोन अश्वमेध दगडात आहेत. आणि सांचीच्या दगडांवर नावं आहेत ती व्यापाऱ्यांची, कारागिरांची, भिक्खुणींची, साध्या बायकांची. स्तूप वाढला तो या लोकांच्या दानावर. मग त्याचं श्रेय सेनापतीला कशाला?

आता मला ज्या नावासाठी बोलायचं होतं, ते नावच नाही. शुंगांचा शेवटचा राजा देवभूती. त्याचाही खून झाला, मंत्री वसुदेव काण्वानं करवला. कुणाच्या हातून? दासीच्या पोरीच्या. तिला राणीचा वेष चढवून आत पाठवलं. मंत्री गादीवर बसला. काण्वांनी पंचेचाळीस वर्षं राज्य केलं आणि पुढं सातवाहनांनी त्यांना उलथलं. पुराणांत या सगळ्या राजांच्या याद्या आहेत. त्या पोरीचं पुढं काय झालं? एक ओळ नाही. हात तिचा, राज्य मंत्र्याचं, आणि कथेत तिला नावसुद्धा नाही.

सातवाहनांचं पैठण ज्या गोदावरीवर, तीच गोदावरी खाली आपल्या गंगाखेडला येते. गंगाखेडची जनीही दासीच, शूद्राची पोर. तिचं नाव मात्र शेकडो वर्षं टिकलं. कुण्या राजानं नाही टिकवलं. अभंगाच्या शेवटी तिनं स्वतःचं नाव स्वतः घातलं म्हणून टिकलं.

मित्रांनो, रिपब्लिकन पक्ष १९५७ ला उभा राहिला आणि त्याची शकलं झाली. प्रत्येक शकलाचा पुढारी बाबासाहेबांचं नाव घेऊन बोलतो, प्रत्येक जण म्हणतो मी साधा सैनिक. उद्या आपल्यातला कुणी मारला जाईल, तेव्हा त्याच्या प्रेतावर उभं राहून बोलणारे येतील. सरकारचे येतील, आपलेही येतील. आवाज चांगला असेल, डोळ्यांत पाणी असेल. टाळी वाजवायच्या आधी विचारा : हजेरीची वही कुणाच्या बगलेत गेली? मेलेल्याला कमजोर कोण ठरवतंय? कुणाच्या हातून काम करवून घेतलं आणि कुणाचं नाव गाळलं? जमाव पेटेल तेव्हा मरणार कोण?

आणि ऐकत बसू नका. लिहा. वस्तीत जे घडलं ते तारखेनिशी, नावानिशी, पुराव्यानिशी लिहा. खोटं एक अक्षर घालू नका, आपल्या बाजूचं असलं तरी. दासीच्या पोरीला लिहिता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

जय भीम!