सत्ता गेली, कलमे उरली
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



लष्करी सत्ताधीशाचा वारसा कशात उरतो, याचा विचार करू लागलो म्हणजे आम्हांस दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचे स्मरण होते. ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशे यांनी लोकनियुक्त अध्यक्ष आयेंदे यांचे सरकार सैन्यबळाने उलथविले. त्यांच्या राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी झाली.

बंदुकीचे राज्य चिरकाल टिकत नाही, हे पिनोशे जाणून असावेत. १९८० साली त्यांनी नवी राज्यघटना करविली. मतदारयाद्या नसतानाच तिच्यावर सार्वमत उरकले. तिने सीनेटमध्ये न निवडलेले सभासद बसविले, सेनापतीस दूर करण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार काढून घेतला आणि घटनादुरुस्तीस साधे बहुमत अपुरे ठरविले. १९८८ च्या सार्वमतात जनतेने पिनोशे यांस नाकारले. १९९० साली ते अध्यक्षपदावरून उतरले, परंतु सेनापतिपद १९९८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले! त्यांतील पहिली दोन कलमे जावयास २००५ साल उजाडले.

२०२० साली सुमारे ७८ टक्के मतदारांनी नवी घटना मागितली. पण २०२२ चा डाव्यांचा मसुदा जनतेने फेटाळला आणि २०२३ चा उजव्यांचाही. दोन्ही पक्षांस आपला वाटेल असा मसुदा झालाच नाही. १९८० चीच घटना, अनेक दुरुस्त्यांनिशी, आजही चालू आहे. जुन्याचा कंटाळा सर्वांस येतो. नव्यावर एकमत दुर्मिळ असते. हुकूमशहाचा वारसा त्या मधल्या जागेत सुखाने नांदतो.

आपल्या लहानशा मंडळाची तुलना राष्ट्राशी करण्याचे धारिष्ट आम्ही करीत नाही. तथापि नियमदुरुस्तीस यापुढे चार-पंचमांश मते लागावीत, असा ठराव आज आपल्यापुढे आहे. तो मांडणारे आमचे स्नेही आहेत, त्यांचा हेतू शुद्ध आहे, आणि ठराव आम्हां वृद्धांच्याच सोयीचा आहे. तरीही आमचे मत त्याविरुद्ध पडेल. आपण गेल्यावर मुलांचे हात बांधून ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही. तरुणांसही एक विनंती: जुने कलम खोडण्यापूर्वी, जो आपल्याशी सहमत नाही त्याच्या घरी एकदा जाऊन बसा.