नाव आणि वीज



बंगळूरच्या पीण्या भागातील साध्या शेडमध्ये घडविलेला ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून अवकाशात गेला. काही दिवसांतच वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे त्यावरील वैज्ञानिक प्रयोग थांबले. उपकरण कितीही कौशल्याने रचलेले असो, त्याच्या प्रत्येक भागापर्यंत वीज पोचली नाही तर ते व्यर्थ होय. आज याच शहरातील अभियंते सर्किटांचे आराखडे संगणकावर काढतात. त्या आराखड्यात वीज कशी जोडली जाते, हे जाणून घेण्याजोगे आहे.

विजेच्या प्रत्येक तारेसाठी रेघ ओढली, तर रेघांच्या जाळ्यात काहीच उमगणार नाही. म्हणून प्रत्येक भागाजवळ पुरवठ्याचे लहानसे चिन्ह काढून त्याला नाव देतात. एकाच नावाची सर्व चिन्हे, ती कोणत्याही पानावर असोत, परस्परांना जोडलेली आहेत असे संगणक मानतो.

या सोयीतच धोका आहे. ७४०० ही सुपरिचित चिप घ्या. तिच्या १४ पिनांपैकी चौदावीला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो, सातवी ग्राउंडला जोडावी लागते. पुष्कळदा या दोन पिना चित्रात दाखवीतच नाहीत. त्या आपापल्या नावाने अदृश्यपणे जोडल्या जातात. चौदावीचे नाव ‘व्हीसीसी’ असते. आराखडा काढणाऱ्याने पुरवठ्याला ‘अधिक ५ व्होल्ट’ हे नाव दिले, तर त्याच्या लेखी दोन्ही एकच. संगणकाच्या लेखी मात्र त्या दोन निराळ्या तारा. चित्र निर्दोष दिसते आणि चिप उपाशी राहते.

फ्रान्समध्ये झाँ-पिएर शारा यांनी १९९२ साली ‘कीकॅड’ हे सॉफ्टवेअर आरंभिले. मुंबईच्या आय. आय. टी.ने आपल्या ‘ई-सिम’मध्ये त्याचा उपयोग केला आहे. तपासणीच्या वेळी ते इशारा देते की, या तारेला वीज पुरविणारे कोणी नाही. वीज बाहेरून येणार असेल, तर तारेवर खुणेचा झेंडा लावून तसे सांगावे लागते. परंतु इशारा टाळण्यासाठीच झेंडा लावला, तर वीज येत नाही. केवळ तक्रार थांबते.

म्हणून जाणता अभियंता झेंडा लावण्यापूर्वी जोडण्यांची यादी काढतो आणि प्रत्येक चिपची वीजपिन कोणत्या नावाखाली आली आहे, हे स्वतः वाचून पाहतो. नावे जुळविण्याचे काम संगणक करील. त्या नावामागे खरोखर वीज आहे किंवा नाही, हे माणसानेच पाहावयाचे असते.