एक कनेक्शन, सगळं घर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक संमेलनात केलेले भाषण)



'घरातले इंटरनेट' या विषयावर मी बोलावे असे कमिटीने ठरवले, त्याचे कारण उघड आहे. मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे काढली आणि निवृत्त झाल्यापासून निम्म्या सोसायटीचे राउटर पाहून झाले आहेत. दारात कोणी हातात मोबाईल धरून उभे दिसले की आमची ही फक्त "चहा टाकू का?" एवढंच विचारते, काम काय ते तिला कळलेलं असतं. तक्रार ठरलेली असते, "काका, नेट फार स्लो आहे हो." आणि उपायही लोक घरूनच ठरवून येतात, की आता मोठा प्लॅन घ्यायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बहुतेक घरांत प्लॅन बदलायची गरज नसते. कंपनीने दारापर्यंत आणलेलं नेट चांगलं असतं, ते दारापासून आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही.

पाण्याचंच बघा ना. पालिकेची लाइन खालच्या टाकीत येते, तिथून पंपाने गच्चीवर आणि गच्चीवरून आपल्या नळाला. बाथरूमच्या नळाची धार बारीक झाली तर आपण पालिकेला पत्र लिहितो का? नाही. आधी प्लंबरला बोलावतो, कारण पाइप आपल्या घरातला आहे. नेटच्या बाबतीत मात्र आपण सरळ पालिकेला पत्र लिहायला बसतो, आणि वर जास्त पाणीपट्टी भरायची तयारी दाखवतो.

आता थोडं मागे जातो. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ मध्ये. म्हणजे आपण इथे राहायला आलो तेव्हा नेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवर किंकाळ्या फोडणारा मोडेम. एकाने मेल उघडली की घरातला फोन बंद. 'तासभर फोन एंगेज येतोय' म्हणून माहेरची माणसं काळजीने शेजारी फोन करायची, हे इथल्या अनेक वहिनींना आठवत असेल.

एक कनेक्शन अनेकांनी वापरायचं ही कल्पनाही तेव्हाचीच. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सोय होती. एक कॉम्प्युटर नेटला जोडायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यामार्फत बाहेर जायचं. आपल्या सी विंगमधल्या कॉलेजच्या पोरांनी २००३ साली नेमकं हेच केलं. एका घरात केबलवाल्याचं कनेक्शन घेतलं, महिना नऊशे रुपये, आणि खिडक्यांतून, गॅलऱ्यांतून निळ्या वायरी सोडून सहा घरं जोडली. माणशी दीडशे. एका आईने कपडे वाळत घालताना वायर दोरी समजून ओढली आणि सहा घरांचं नेट गेलं, हाही इतिहास आहे. पुढे जूनच्या पहिल्या पावसात जवळच वीज पडली आणि सहाही कॉम्प्युटरची नेटवर्क कार्डं एकदम जळाली. तांब्याची वायर इमारतीबाहेरून उघड्यावर नेली की असं होतं. आज घरात येते ती फायबर काचेची आहे, तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. पण ती पोरं काही चुकीचं करत नव्हती. त्यांतला एक आज टोरोंटोत हेच काम पगार घेऊन करतो.

तेव्हा सहा कॉम्प्युटर होते. आज एका घरात मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरा मिळून सहज दहा-बारा वस्तू असतात. ही सगळी एका कनेक्शनवर चालतात कशी? त्याचं उत्तर आपल्या गेटवर आहे. बाहेरचा पोस्टमन फक्त सोसायटीचा पत्ता बघतो. आत कोणतं पाकीट बी-२०४ चं आणि कोणतं सी-३०१ चं हे वॉचमनला माहीत असतं. राउटर हा तुमच्या घरचा वॉचमन आहे. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा एकच पत्ता दिसतो. आत तो प्रत्येक वस्तूला स्वतःचा नंबर देतो, १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि कोणी काय मागवलं याची नोंदवही ठेवतो. हे करावं लागलं, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटीच आहेत. एकेका घरात बारा वस्तू म्हटल्यावर ते कुठून पुरणार?

आता आतल्या खोलीकडे येतो. ही हकिगत त्या घरच्यांची परवानगी घेऊन सांगतो आहे. आपल्याच विंगमधल्या एक आजी खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी आल्या. मागच्या खोलीत पलंगावरच होत्या. मुलगी कॅनडात. रोज रात्री साडेआठला तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि दोन मिनिटांत चित्र थिजायचं. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. आजींना ते बघवेना. "तिला काही झालंय आणि तुम्ही लपवताय," असं त्या म्हणायला लागल्या. मुलाने ५० चा प्लॅन १०० केला, मग २०० केला. चित्र थिजायचं ते थिजायचंच. व्हिडिओ कॉलला लागतात जेमतेम दोन ते चार एमबीपीएस. दोनशेतले चार त्या पलंगापर्यंत पोचत नव्हते, आणि आजींनी फोनच घ्यायचा सोडून दिला होता.

मी जाऊन पाहिलं. राउटर दाराजवळ, चपलांच्या कपाटावर, टीव्हीच्या मागे. का? तर केबलवाल्याची वायर जिन्यातून तिथेच आत येते आणि त्याला पाच मिनिटांत पुढच्या घरी जायचं असतं. तिथून आजींच्या पलंगापर्यंत मध्ये काय काय? टीव्ही, सळ्यांची आरसीसी भिंत, स्वयंपाकघरातला स्टीलच्या भांड्यांचा माळा, आणि शेवटी आजींच्या लग्नातलं लोखंडी कपाट, त्यावर माणसाएवढा आरसा. पत्रा आणि आरशामागचा मुलामा या दोन्हींवरून लहर परत फिरते. मधल्या पॅसेजवर पाण्याची टाकी, तीही लहर पिते. दोनशे काय, पाचशे घेतले असते तरी काय झालं असतं?

इथे ढोल-ताशाची आठवण ठेवा. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली तरी ढोल ऐकू येतो, ताशा मात्र पथक जवळ आल्यावरच नीट कळतो. तुमच्या राउटरवर दोन बँड असतात. २.४ गिगाहर्ट्झ हा ढोल, लांब जातो, भिंत ओलांडतो, पण गर्दी फार. माझ्या हॉलमध्ये बसून मला तेवीस घरांची नावं दिसतात, त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात आवाज करतो. ५ गिगाहर्ट्झ हा ताशा. चपळ आणि मोकळा, पण दोन भिंतींत दमतो. टीव्ही राउटरसमोर असेल तर तो ५ वर लावा आणि २.४ लांबच्या वस्तूंसाठी मोकळा ठेवा.

काहींनी सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर सुचवला होता. तो मला फारसा आवडत नाही. साधा रिपीटर जे ऐकतो तेच पुन्हा ओरडून सांगतो, त्यात निम्मा वेग जातो. आणि जिथे मुळातच ऐकू येत नाही तिथे लावला, तर तो तरी काय ओरडणार? आम्ही सरळ वायर टाकली. कॅट-६ ची अठरा मीटर, पॅसेजच्या छताकडेने, पट्टीतून. शंभर मीटरपर्यंत ती वायर एक गिगाबिट नेते, त्यामुळे घरात ती कधी कमी पडायची नाही. आजींच्या खोलीत जोडायला नवीन काही आणलं नाही. जुन्या कंपनीचा, स्वतःच्या पैशांनी घेतलेला राउटर माळ्यावर पडून होता, तोच बसवला.

फक्त एक काळजी घ्यायची. त्या जुन्या राउटरचं नंबर वाटायचं काम बंद करायचं. त्याला डीएचसीपी म्हणतात. एका सोसायटीत दोन सेक्रेटरी फ्लॅट वाटायला बसले तर काय होईल, ते या सभेला समजावून सांगायला नको! त्याला पहिल्या राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्यायचा, आणि वायर 'वॅन' नव्हे, 'लॅन' लिहिलेल्या खाचेत लावायची. वायर, पट्टी, मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं, आणि प्लॅन परत ५० वर आणला. त्या रात्री आजी पाऊण तास बोलल्या. मुलीने केस कापले म्हणून रागावल्या.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे शाळा घरात आली. ज्यांच्याकडे नेट नव्हतं त्यांच्या मुलांसाठी शेजाऱ्यांनी पासवर्ड दिले, जिन्यात चटई टाकून पोरं बसली. ही सोसायटीची शान आहे, मी ते कधी विसरणार नाही. पण तेच पासवर्ड आज पाच वर्षांनीही चालू आहेत. मुलांच्या मित्रांकडे, त्या मित्रांच्या मित्रांकडे, घर सोडून गेलेल्या भाडेकरूंकडे. बाहेर तुमच्या घराचा एकच पत्ता दिसतो, असं मी मघाशी म्हणालो. म्हणजे तुमच्या नेटवरून कोणी काहीही केलं तरी बिलावरचं नाव तुमचंच.

जुलै २००८ मध्ये अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले, त्याआधी काही मिनिटे धमकीची मेल आली. पोलीस माग काढत पोचले ते नवी मुंबईतल्या एका घरात. तिथल्या माणसाचा त्यात हात नव्हता, दुसऱ्यांनीच त्याचं वाय-फाय वापरलं होतं. पण कॉम्प्युटर जप्त झाले, चौकशी कित्येक दिवस चालली. हे कुठे परदेशात नाही, आपल्या शेजारी घडलेलं आहे.

म्हणून शेजाऱ्याला नाही म्हणा असं मी सांगणार नाही. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. पाहुण्याला हॉलमध्ये बसवतो, बेडरूमच्या कपाटाची किल्ली देत नाही, तसंच हे. पाहुणा गेला की तो पासवर्ड बदला, घरच्या वस्तूंना धक्का लागत नाही. कायमचं देणं असेल तर मात्र कंपनीचा करार वाचा, कनेक्शन त्याच घरात वापरायचं असं त्यात बहुधा लिहिलेलं असतं. आणि वर्गणी घेऊन चार घरांना नेट विकणं हा प्रकार २००३ ला खपला, आता नको.

राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड वेगळा असतो, तो अनेक घरांत अजून 'ॲडमिन' हाच आहे. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचंही तेच. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरातले असे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्याच्याकडे होती कारखान्यातून येणाऱ्या साठेक पासवर्डांची यादी, बस्स. आपल्या गेटवरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड मी इथे माइकवर सांगत नाही, पण सेक्रेटरींनी उद्या मला भेटावं.

ज्येष्ठांसाठी एक सांगतो. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, म्हणून लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरवरचा फोन राउटरबरोबर बंद पडतो. घरात एकटे राहणाऱ्यांनी राउटरचा छोटा यूपीएस घ्यावा, किंवा निदान मोबाईल चार्ज करून उशाशी ठेवावा.

शेवटी सभेपुढे एक सूचना. येत्या वर्षी आपलं रंगकाम आणि प्लास्टरची दुरुस्ती निघते आहे. आज जिन्यात तीन कंपन्यांच्या वायरींचा जो गुंता लोंबतो आहे तो तसाच रंगवला जाईल. त्याऐवजी प्रत्येक विंगमध्ये तळापासून गच्चीपर्यंत एक पीव्हीसी पाइप आणि प्रत्येक मजल्यावर एक डबी बसवावी. नवीन कनेक्शनवाल्याने तिच्यातूनच यायचं, भिंतीला भोक पाडायचं नाही. परात लावलेली असताना हे काम थोड्या खर्चात होईल, नंतर पुन्हा परात बांधावी लागेल. त्यामुळे टेंडर काढण्यापूर्वी कमिटीने यावर विचार करावा.

मी दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा सोसायटीच्या ऑफिसात बसेन. येताना राउटर उचलून आणू नका. त्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो, आणि तो घरात कुठे ठेवला आहे त्याचा एक फोटो, एवढं पुरे. आणि कपाट कोणत्या भिंतीला आहे ते सांगा.