शेवटच्या खांबाचा खर्च

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, विषय : ‘ग्रामीण वीजजोडणी : खर्च आणि व्यवस्था’)



काल या मंचावर संतसाहित्य झालं, उद्या नाट्यसंगीत आहे, आणि मधल्या संध्याकाळी तुम्ही खांब-तारांवर ऐकायला आलात. (हशा) माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठेही वळलो तरी मी काय सांगायला आलो होतो हे तुमच्या लक्षात राहील. घर किंवा विहीर लाईनपासून लांब आहे, या लांब असण्याची किंमत त्या एका घरानं भरायची नाही. ती सगळ्या ग्राहकांनी मिळून भरायची. नोकरीभर मी लाईनची एस्टिमेटं केली, आणि हेच मत घेऊन निवृत्त झालो.

१९६०चं वीज मंडळ, २००३चा वीज कायदा, २००५ साली झालेलं मंडळाचं विभाजन, महावितरण, नियामक आयोग, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सभागृहात सगळे बिल भरणारेच बसलेत. (हशा) त्यावर वेळ घालवत नाही. थेट शेतात जाऊ.

समजा, एक विहीर जवळच्या लाईनपासून पाचशे मीटरवर आहे. पन्नास-साठ मीटरला एक खांब धरला तर नऊ-दहा खांब लागतात. तीन तारा ओढायच्या म्हटल्या तर दीड किलोमीटर तार झाली. प्रत्येक खांबाला खड्डा, क्रॉस आर्म, इन्सुलेटर, वळणावर स्टे, टोकाला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपली डीपी, तिचं अर्थिंग. मग सर्व्हिस वायर आणि मीटर. मोटार, स्टार्टर, केबल शेतकऱ्याची. आता यात एक गोष्ट पाहा. त्याची मोटार तीन हॉर्सपॉवरची असो की साडेसातची, खांब तितकेच लागतात. तो वीज किती वापरणार यावर हा खर्च ठरत नाही, तो कुठे राहतो यावर ठरतो. त्याच्या आजोबांनी विहीर जिथे खणली, तिथे ती पाणी लागलं म्हणून खणली. लाईन कुठून जाणार हे त्यांना कुठे माहीत होतं?

कुणी म्हणेल, एवढं कशाला, जुन्या डीपीवरून लघुदाबाचीच तार लांबवर ओढा. ओढल्या की! गावोगाव तशाच ओढल्या. त्यामुळेच शेवटच्या पंपाला व्होल्टेज मिळेना आणि मोटारी जळू लागल्या. तेवढीच वीज ४१५ व्होल्टऐवजी ११ हजार व्होल्टनं नेली तर तारेतला प्रवाह सुमारे सव्वीसपटीनं कमी होतो, आणि तीच तार असेल तर तिच्यात तापून वाया जाणारी वीज जवळपास सातशेपटीनं कमी होते. म्हणून २०१८ मध्ये राज्यानं उच्चदाब वितरण प्रणालीची योजना आणली. उच्चदाबाची लाईन थेट विहिरीजवळ न्यायची आणि एका-दोघा शेतकऱ्यांत एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा. सुमारे २ लाख २४ हजार शेतकरी आणि खर्च सुमारे ५ हजार कोटी. भागाकार तुम्हीच करा. एका पंपामागे सव्वादोन लाखांच्या आसपास रक्कम येते. ही सरासरी झाली. ज्याची विहीर सर्वांत लांब, त्याचा आकडा याहून बराच वर.

आणि हा झाला कागदावरचा खर्च. कागदावर लाईन सरळ असते, जमिनीवर मध्ये बांध येतात. (हशा) तुम्ही हसलात, म्हणजे इथे बांधवाले बरेच आहेत. एका ठिकाणी माझं सहा खांबांचं एस्टिमेट होतं. तिसरा खांब चुलतभावाच्या बांधावर येत होता. तो म्हणाला, “साहेब, खांबाला माझी ना नाही, पण हा बांध कुणाचा ते आधी ठरवा.” बांधाची मोजणी कित्येक वर्षं अडली होती! मग लाईन ओढ्याकडून फिरवली. खांब दहा झाले. वळणं वाढली, स्टे वाढले. पुढे त्याच चुलतभावानं विहीर खणली आणि तो अर्ज घेऊन आला, “साहेब, लाईन आमच्या शेताजवळून का नेली नाही?” (मोठा हशा) दोष त्याला देऊ नका. एकदा खांब रोवला की तो कायमचा, ही भीती खरी आहे. पण भाऊबंदकीचे हे चार खांब कुणाच्या खात्यावर टाकायचे? अर्जदाराच्या? त्यानं काय केलं होतं?

आता मुद्द्यावर येतो. कायद्याच्या ४३व्या कलमानं, मागेल त्याला वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. ४६वं कलम तिला वाजवी खर्च वसूल करू देतं, पण तो आयोगाच्या नियमांच्या आत राहून. आपल्याकडे आयोगानं मंजूर केलेल्या दरानं शेतकरी कोटेशन भरतो. ती रक्कम काही हजारांत असते आणि बाकीचे लाख-दोन लाख व्यवस्थेनं घालायचे असतात. ऐकायला हे अगदी माझ्या मनासारखं आहे. पण व्यवस्थेकडे पैसा कमी आणि अर्ज जास्त, मग काय होतं? रांग लागते. आमच्या खात्यात या रांगेला ‘पेड पेंडिंग’ म्हणतात. पैसे भरले, पावती मिळाली, पावती ट्रंकेत गेली, विहीर तशीच राहिली.

श्रोतेहो, अंतराची किंमत रुपयांत घेतली नाही की ती वर्षांत घेतली जाते. ही वर्षं कुठल्याही ताळेबंदात दिसत नाहीत. तोवर डिझेलवर पंप चालतो, नाहीतर ऊस लावायचा विचार सोडून द्यावा लागतो, नाहीतर रात्री आकडा टाकला जातो. आणि ज्याच्या हातात पैसा आहे, तो स्वखर्चानं लाईन उभी करून रांगेबाहेर पडतो. रांगेत उरतो तो लांबचा आणि गरीब, दोन्ही असलेला माणूस. २०२४पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. ज्यांच्याकडे जोडणी आहे त्यांचं मला बरंच वाटतं. पण ज्याच्याकडे तारच नाही, त्याचं कुठलं बिल माफ करणार? (टाळ्या)

टपालाचं पाहा. १८५४ पूर्वी पत्राचा दर अंतरावर असे. त्या वर्षीच्या कायद्यानं अंतर काढून टाकलं. अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र देशात कुठेही जाऊ लागलं. कोकणातल्या आईला मुंबईतल्या मुलाचं पत्र मिळायला लागलं, ते आई मुंबईजवळ राहायला आली म्हणून नव्हे. विजेच्या युनिटचा दर आपण असाच एकसारखा ठेवला, पुण्यातल्या आणि धडगावातल्या घरगुती ग्राहकाला एकच. मग खांबालाच अंतर का मोजायचं?

इथे दोन मिनिटं अमेरिकेत जातो, कारण हे सगळं तिथे घडून गेलंय. १९३०च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या शंभर शेतांपैकी साधारण दहा शेतांवर वीज होती, शहरांत मात्र जवळपास सगळीकडे. खासगी कंपन्या सांगत, एका मैलाच्या लाईनला दीड-दोन हजार डॉलर लागतात, शेतकऱ्याला परवडणार नाही. १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ग्रामीण विद्युतीकरणाचं प्रशासन स्थापलं. मॉरिस कुक त्याचे पहिले प्रमुख. त्यांनी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त, लांब मुदतीची कर्जं दिली, आणि आम्हा इंजिनिअरांना शिकण्यासारखी एक गोष्ट केली : खर्चालाच हात घातला. खांबांमधलं अंतर वाढवलं, मजबूत तार वापरली, आराखडे सगळीकडे एकसारखे केले, एक टोळी खड्डे खणत पुढे, तिच्यामागे खांब उभे करणारी, तिच्यामागे तार ओढणारी. मैलाचा खर्च हजार डॉलरच्या खाली आला! ‘परवडत नाही’ म्हणत होते, त्यातला मोठा भाग अंतराचा नव्हताच, कामाच्या पद्धतीचा होता.

तरी टेक्सासच्या डोंगराळ भागाची एक अडचण राहिली. प्रशासनाचा नियम, मैलाला किमान तीन ग्राहक हवेत. तिथे तेवढेही नव्हते. लिंडन जॉन्सन, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते, तेव्हा तिथले तरुण खासदार. रॉबर्ट कॅरोंनी जॉन्सनच्या चरित्रात एक अख्खं प्रकरण तिथल्या बायकांच्या कामावर लिहिलंय. विजेच्या प्रकरणात बायका का? पाणी त्याच भरत म्हणून! सरकारी अभ्यासाचा हिशोब कॅरोंनी दिलाय : एका शेतकरी कुटुंबाचं वर्षाचं पाणी हातानं शेंदून घरात आणायचं तर आठ-आठ तासांचे ६३ दिवस आणि १,७५० मैल चालणं. म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर, आपल्याच विहिरीपासून आपल्याच घरापर्यंत! मग धुणं, मग चुलीवर तापवलेल्या लोखंडाच्या इस्त्र्या. माझी आई रहाटावर पाणी ओढत असे. मी ते प्रकरण वाचलं तेव्हा टेक्सास मला परदेश वाटला नाही. (टाळ्या) जॉन्सननी रूझवेल्टना गळ घातली, नियम शिथिल करून घेतला. १९३८ मध्ये तिथल्या पेडर्नालेस वीज सहकारी संस्थेला कर्ज मंजूर झालं आणि १९३९ मध्ये दिवे लागले. तिथले शेतकरीही लाईनसाठी जमिनीच्या कागदावर सही करायला बिचकत होते, बरं का. बांध सगळीकडे सारखेच! (हशा)

आणि याचा धागा थेट आपल्या नगर जिल्ह्यात येतो. १९६९च्या वेंकटप्पय्या समितीच्या शिफारशीवरून आपल्याकडे ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि अमेरिकन सहकारी संस्थांच्या मदतीनं देशात पाच प्रायोगिक वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. त्यांतली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. टेक्सासमधली कल्पना प्रवरेच्या काठी आली आणि त्या संस्थेनं चाळीसएक वर्षं शेतापर्यंत वीज पोचवली...

(सभागृहातून एक श्रोते : “थकबाकीचं काय झालं तेही सांगा!”)

सांगतो, टाळत नाही. विकत घेतलेल्या विजेची प्रचंड थकबाकी साचली, आणि २०११ मध्ये वितरण महावितरणकडे गेलं. आपण शहरी ग्राहक आहात का? असाल तर तुमचा राग मी समजू शकतो. शेतीच्या विजेचा भार तुमच्या आणि कारखान्यांच्या दरात येतो, हे खरं आहे. पण दोन हिशोब वेगळे ठेवा. थकबाकी विजेच्या वापराची आहे. त्यातही कितीतरी पंपांना मीटर नाही, हॉर्सपॉवरवर बिल होतं, म्हणजे वापर किती हाच वादाचा विषय. मीटर बसवा, वापराचा पैसा वसूल करा, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. पण खांब ही वापराची गोष्ट नाही. शेजाऱ्यानं बिल थकवलं म्हणून रांगेतल्या माणसाला खांब नाकारणं हा न्याय नव्हे. त्यानं तर अजून एक युनिटही जाळलेलं नाही. (टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतात. मग गाव ‘विद्युतीकृत’ कधी म्हणायचं, या व्याख्येचा भाग सोडतो. एवढंच सांगतो की २००४च्या व्याख्येनुसार शंभरातल्या दहा घरांत वीज आली की गाव यादीत जाई. यादीबाहेर राहायची ती वस्ती, मळा, धनगरवाडा, पाडा. २०१७च्या सौभाग्य योजनेनं गावाऐवजी घर मोजलं. गरिबाला जोडणी मोफत, बाकीच्यांना ५०० रुपये, तेही दहा हप्त्यांत. घराच्या बाबतीत अंतर काढून टाकता येतं, हे सरकारनंच दाखवून दिलं.

पंपाच्या बाबतीत मात्र २०२०च्या धोरणानं अंतराच्या पायऱ्या केल्या : तीस मीटर, दोनशे मीटर, सहाशे मीटर, आणि त्यापलीकडे सौरपंप. सौरपंपाला माझा विरोध नाही. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. दिवसा पाणी मिळतं. रात्रपाळीचं पाणी धरताना साप चावून माणसं गेलीत, त्यामुळे दिवसाच्या पाण्याची किंमत मला कळते. पण मळ्यावर फक्त पंप नसतो. तिथे घर असतं, अभ्यास करणारी मुलगी असते, कडबाकुट्टी असते, उद्या दुधाचा कूलर येईल. सहाशे मीटरपलीकडच्या माणसाला पंप देऊन वीज दिल्याची नोंद करू नका. सूर्य त्याला द्या, आणि त्याच्या घरापर्यंत तारही द्या.

दोन मिनिटं राहिली. म्हणून मागण्या तीनच.

एक : प्रत्येक नव्या लाईनचा खरा खर्च जाहीर करा, मीटरमागे, खांबामागे. कुकना खर्च कमी करता आला, कारण तो त्यांनी आधी उघडा मांडला.

दोन : लांबच्या जोडण्यांसाठी वेगळा निधी ठेवा. तो सगळ्या ग्राहकांच्या दरातून आणि राज्याच्या तिजोरीतून यावा, आणि इतर कामांकडे वळवता येऊ नये. भार पडेल, मान्य. पण तो एकदाच पडतो. लाईन पुढची तीस वर्षं उभी राहते, आणि तिच्यावर पुढे आणखी चार घरं येतात. पहिल्यानं भरलेल्या खांबाचा फायदा पाचव्याला फुकट मिळावा, याला काय अर्थ आहे?

तीन : रांग छापा. तालुकावार यादी, पैसे भरल्याची तारीख आणि जोडणीची तारीख. वर्षांत घेतली जाणारी किंमत एकदा तारखांत लिहिली की तिचा हिशोब मागता येतो.

शेवटचं. वीजदर ठरण्यापूर्वी आयोग सार्वजनिक सुनावणी घेतो. हरकत कुणालाही देता येते, वकील लागत नाही. आपण तिथे युनिटमागच्या पैशांवर बोलतो, ते बोललंच पाहिजे. पण पुढच्या सुनावणीला इथल्या प्रत्येकानं आपल्या हरकतीत आणखी एक प्रश्न लिहून द्यावा : आमच्या तालुक्यात पैसे भरून किती जण थांबलेत, आणि सर्वांत जुनी पावती कुठल्या सालची आहे? उत्तर लेखी मागा. मिळालं नाही तर पुढच्या सुनावणीला पुन्हा मागा. 

(टाळ्या)