डब्यातले कंद आणि थंडीतली फुले



आज फुलांविषयी बोलू. तुमच्यापैकी पुष्कळांना जमीन नाही. असली तरी ती पिकाला हवी. पण फुलाला वावर लागत नाही. एक जुना तेलाचा डबा, घमेलेभर माती आणि ओसरीवर येणारे सकाळचे ऊन, एवढे पुरते. त्यातही कंदाची फुले डब्यात सोपी जातात. का, ते कांद्यावरून कळेल. कांद्याची ओळख आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कोणाला करून द्यायला नको.

घरी गेल्यावर एक कांदा उभा चिरा आणि नीट बघा. खाली एक चपटी चकती दिसेल. मुळ्या तिलाच फुटतात. चकतीवर जाड पापुद्रे असतात आणि मधोमध हिरवट कोंब असतो. हा पापुद्रा म्हणजे पानाचाच खालचा भाग. झाडाने त्यात अन्न भरून ठेवलेले असते. प्रवासाला निघताना आपण शिदोरी बांधतो ना, तशीच ही शिदोरी. म्हणून तर टोपलीतल्या कांद्याला मातीपाण्यावाचून कोंब येतात.

शिदोरी जवळ आहे, मग फूल केव्हा यायचे? कंद खुणेची वाट बघतो. कांद्याची खूण म्हणजे थंडी. उभ्या पिकात नको त्या वेळी डेंगळे आले की शेतकरी कपाळाला हात लावतो. पण बियाणे धरणारा त्याच थंडीचा उपयोग करून घेतो. दिवाळीच्या सुमारास तो निवडक कांदे लावतो. थंडीत दांडे वर येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये बी तयार होते.

हेच डब्यात करून बघा. डब्याच्या बुडाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. म्हणून तिच्यात वाळू आणि जुने कुजलेले शेणखत मिसळा. चांगला घट्ट कांदा घ्या. त्याचा वरचा तिसरा हिस्सा कापा, म्हणजे आतल्या कोंबांना वाट मिळते. चकतीला मात्र धक्का लावू नका. कांदा मातीत बसवा. माती वरून सुकली की मगच पाणी घाला. जास्त पाणी ही माया नव्हे. पोकळ दांडा वर येतो, मध्ये थोडा फुगतो आणि टोकाला पांढरा गोंडा धरतो. एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. मधमाश्या आपोआप येतात. डबा घरात ठेवला तर दांडा उजेडाकडे वाकतो. म्हणून तो रोज थोडा फिरवावा. अंधाऱ्या कोपऱ्यात काहीच फुलणार नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, कांद्याचे फूल काय बघायचे! सिनेमात दिसतात ती ट्यूलिपची फुले लावू. ट्यूलिपही कंदच आहे. त्याचीही खूण थंडीच आहे, पण त्याला तीन-चार महिने सलग कडक गारठा लागतो. श्रीनगरला दल सरोवराजवळ त्याची मोठी बाग आहे, कारण तिकडचा हिवाळा तसा आहे. आपल्याकडे जानेवारीत एखाद्या रात्री पारा दहा अंशांवर उतरतो आणि दुपारी पुन्हा अंगाला चटका बसतो. एवढ्याने ट्यूलिप फसत नाही. शहरातले हौशी लोक त्याचे कंद कित्येक आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग लावतात. त्यातही शेजारी पिकलेली फळे ठेवली तर आतली कळी मरते. फार खटाटोप! या ट्यूलिपपायी हॉलंड देशात एकदा कंदांचे भाव असे चढले की माणसे वेडी झाली. 1637 सालच्या फेब्रुवारीत ते भाव एकाएकी कोसळले. कांद्याचा बाजार बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

आपल्या हवेला मानवणारा कंद म्हणजे गुलछडी. कोणी निशिगंध म्हणतात. मूळची ती मेक्सिकोची, पण आता आपल्याच शिवारातली झाली आहे. नगर तालुक्यातले अकोळनेर तर फुलशेतीसाठी ओळखले जाते. गुलछडीची खूण उलटी. तिला ऊब आणि पाणी हवे. लावल्यापासून तीन-चार महिन्यांनी दांडा येतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये लावा, म्हणजे थंडीच्या तोंडाशी फुले मिळतील. सुपारीएवढा किंवा त्याहून मोठा कंद घ्या. कडाक्याच्या थंडीत तिचा जोर कमी होतो. तेव्हा डबा दक्षिणेच्या भिंतीशी ठेवा. भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब देते. फुले खालून वर उमलत जातात आणि वास रात्री सुटतो. एकेरी फुलाला वास अधिक, दुहेरी दिसायला भरघोस. मला विचाराल तर घरात एकेरीच लावावी.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गुलछडीचा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. पुढे फुलतात ती त्याची पिल्ले. आणि पिल्लांची शिदोरी भरतात पाने. फुले संपली की डबा स्वच्छ दिसावा म्हणून कोणी हिरवी पाने कापतात. मग पिल्ले उपाशी राहतात. पाने आपोआप पिवळी पडू द्या, मग पाणी तोडा. एका कंदाची बरीच पिल्ले होतात. ती शेजाऱ्याला द्या.

पाणी तोडल्यावर कंद झोपतो. डबा रिकामा दिसतो. मग कोणीतरी माती उकिरड्यावर टाकतो, किंवा उकरलेले कंद कांद्याच्या टोपलीत जाऊन पडतात. हे दुसरे फार वाईट. लाल लिलीचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, पण तो विषारी आहे. शिजवला म्हणजे निर्धोक झाला असे समजू नका. कळलावीचा कंद दिसायला वेगळा, नांगराच्या फाळासारखा, पण त्याने माणूस दगावतो. असे काही पोटात गेले तर घरी औषध करीत बसू नका. उरलेला तुकडा बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. फुलांचे कंद स्वयंपाकघरात आणूच नयेत. कापडात बांधून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा खुंटीला टांगावेत.

वर्गात एका बाईंनी विचारले, "लिहायला शिकले, पण मी लिहू काय?" बाई, डब्यावर चिठ्ठी लिहा. घरातल्या प्रत्येकाला ती वाचता आली पाहिजे. अक्षर मोठे काढा. अशी लिहा:

गुलछडी, एकेरी.
लावली 20 जुलै.
झोपली आहे. टाकू नये. खाऊ नये.

चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. शाई पाण्याने पसरते.